करपरतावा आणि स्टुडिओ : पुण्याच्या अनुभवावरून एक चिकित्सा

१

मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासात १९७५ या वर्षाला विशेष महत्त्व दिले जाते. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना अमलात आणली. एका चित्रपटाच्या तिकिटांवर गोळा झालेली करमणूक कराची रक्कम त्या चित्रपटाच्या निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट काढल्यास त्याला परत मिळावी, हे या योजनेचे मध्यवर्ती तत्त्व होते. क्षीण झालेल्या मराठी चित्रपटाला या योजनेने जीवदान दिले, असे मत तेव्हापासून रूढ आहे. त्याच्या उलट, याच योजनेने घाईघाईने उरकलेल्या सुमार चित्रपटांचे पीक आणले, असेही म्हटले जाते. ही दोन्ही मते वरवर परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. दोन्ही मते चित्रपटांची संख्या आणि त्यांचा दर्जा एवढ्याच मापांनी योजनेचे मोजमाप करतात. निर्मितीची साधने, म्हणजे स्टुडिओ, रसायनशाळा, ध्वनिमुद्रणाची व्यवस्था, नेपथ्याचे कारखाने आणि या सर्वांत मुरलेला कारागीरवर्ग, यांचे काय झाले, हा प्रश्न दोहोंतही उपस्थित होत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास पुणे हे शहर विशेष सोयीचे आहे. मराठी बोलपटाचे सर्वांत समर्थ निर्मितिकेंद्र १९३३ नंतर याच शहरात होते. आणि करपरताव्याची योजना आली तेव्हा त्या केंद्राच्या जागी चित्रपटनिर्मितीऐवजी चित्रपटशिक्षण चालले होते. कराची सवलत आली, पण स्टुडिओ परत आला नाही. असे का व्हावे? योजनेच्या रचनेतच त्याचे उत्तर दडलेले आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नांची चिकित्सा करावयाची आहे.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे इष्ट होय. कारण कराच्या बाबतीत शब्द हे नुसते नाव नसते, ते धोरणही असते. 'करमणूक' हा शब्द 'करमणे' या क्रियापदापासून आलेला आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात साप्ताहिक सुरू केले तेव्हा त्याला त्यांनी 'करमणूक' हेच नाव दिले. मन रमवावे आणि रमवता रमवता त्याला काही शिकवावे, हा अर्थ त्या नावात अभिप्रेत होता. शब्दाला तेव्हा प्रतिष्ठा होती.

पुढे मुंबई इलाख्यात १९२३ साली करमणुकीवर शुल्क बसविणारा कायदा झाला आणि शब्दाची दुसरी कारकीर्द सुरू झाली. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या बासष्टाव्या नोंदीत चैनीच्या वस्तू, करमणूक, मनोरंजन, पैज आणि जुगार ही सर्व एकाच ओळीत बसविली गेली. आपट्यांच्या साप्ताहिकाचे नाव अशा रीतीने पैजेच्या आणि जुगाराच्या पंक्तीला आले. कायद्याच्या भाषेत चित्रपट हे उत्पादन राहिले नाही, तो उपभोग ठरला. आणि तोही टाळता येण्याजोगा उपभोग. कापडगिरणी किंवा साखर कारखाना यांच्याकडे पाहताना शासन यंत्रे, कामगार आणि कच्चा माल यांचा विचार करते. चित्रपटाकडे पाहताना मात्र त्याची नजर तिकिटाच्या खिडकीवर खिळली.

सवलतीची भाषाही याच दृष्टीतून घडली. 'करमुक्त', 'करपरतावा' आणि 'अनुदान' हे तीन शब्द व्यवहारात जवळजवळ समानार्थी म्हणून वापरले जातात. पण त्यांतील भेद मोठा आहे. 'करमुक्त' म्हणजे प्रेक्षकाने कर देऊ नये. यात लाभ प्रेक्षकाला मिळतो, आणि चित्रपटाला शासनाकडून एक नैतिक प्रशस्तिपत्र मिळते. 'परतावा' या शब्दात रक्कम मुळात निर्मात्याचीच होती, ती काही काळ शासनाकडे राहिली आणि आता स्वगृही आली, असे सुचविले जाते. वस्तुतः कर प्रेक्षकाने दिलेला असतो; तेव्हा ज्याने दिला त्याला तो 'परत' जातच नाही. 'अनुदान' या शब्दात दाता आणि याचक हे नाते उघड आहे. तिन्ही शब्दांत प्रेक्षक आहे, निर्माता आहे, शासन आहे. स्टुडिओ एकाही शब्दात नाही. ही अनुपस्थिती केवळ कोशातली नव्हे; ती योजनेच्या कलमांतही उतरली, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

३

स्टुडिओ म्हणजे काय, हे प्रभात फिल्म कंपनीच्या उदाहरणाने स्पष्ट करता येते. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी १९२९ साली कोल्हापुरात ही कंपनी स्थापन केली आणि १९३३ साली ती पुण्यास आणली. स्थलांतरानंतरचे पहिले चित्र 'अमृतमंथन' १९३४ साली प्रकाशित झाले. हे स्थलांतर कोणत्याही करसवलतीच्या आकर्षणाने झाले नव्हते. उलट, कोल्हापूर संस्थानात राजाश्रयाची परंपरा होती. प्रभात गेल्यावर त्याच वर्षी राजाराम महाराजांच्या पाठबळाने तेथे कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, यावरून ते दिसतेच. राजाश्रयाचे संस्थान सोडून करमणूक शुल्काचा कायदा लागू असलेल्या मुलखात एक कंपनी येते, ही घटना बोलकी आहे. निर्मितिकेंद्राची जागा ठरविण्यात कराखेरीज इतर गोष्टींचे वजन किती असते, हे तीवरून कळते.

प्रभातचे सामर्थ्य तिच्या एकत्रित रचनेत होते. दिग्दर्शक, नट, ध्वनिलेखक, नेपथ्यकार, सुतार, रंगारी, शिंपी, रसायनशाळेतील सेवक हे सारे मासिक वेतनावर एकाच आवारात काम करीत. पुण्यातील प्रभात चित्रगृह १९३४ पासून त्याच नावाने चालले; म्हणजे निर्मितीपासून प्रदर्शनापर्यंतची साखळी बरीचशी एका हाती होती. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा खर्च स्थिर स्वरूपाचा असतो. चित्र चालू असो वा नसो, वेतन द्यावे लागते आणि यंत्रे राखावी लागतात. म्हणून स्टुडिओला एकाच गोष्टीची नितांत गरज असते : कामाचा अखंड ओघ.

तो ओघ प्रभातने भाषेच्या साह्याने निर्माण केला. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) या जोड्या सर्वश्रुत आहेत. तेच नेपथ्य, तीच प्रकाशयोजना आणि तोच तंत्रज्ञवर्ग वापरून दोन भाषांत चित्रे निघत. त्यामुळे नेपथ्याचा खर्च दोन बाजारपेठांत विभागला जाई. मराठी चित्राला हिंदी आवृत्तीचा आधार मिळे आणि हिंदी चित्राला मराठी साहित्याची व रंगभूमीची पुण्याई लाभे. 'संत तुकाराम' (१९३६) हे मराठीतच राहिलेले चित्र मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात ५७ आठवडे चालले आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरविले गेले. पण अशा चित्रासाठी लागणारे धैर्य द्वैभाषिक निर्मितीच्या भक्कम पायावरच शक्य झाले होते.

हा पाया का ढासळला, याची कारणे अनेक आहेत. भागीदारांतील फूट, १९४२ मध्ये शांतारामांचे जाणे, १९४५ मध्ये दामल्यांचा मृत्यू ही अंतर्गत कारणे होत. महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर आलेले नियंत्रण, युद्धोत्तर मुंबईत चित्रपटात ओतला गेलेला नवा पैसा, वेतनावरील नटांऐवजी चित्रागणिक मोबदला घेणाऱ्या ताऱ्यांची पद्धत ही बाह्य कारणे होत. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. तिचा नाश केवळ कराने झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि, करानेही हातभार लावला, हे नाकारता येत नाही. प्रांतोप्रांती करमणूक कर वाढत गेला आणि ३० जून १९४९ रोजी देशभरातील चित्रगृहांनी या करनीतीच्या निषेधार्थ एक दिवस दारे बंद ठेवली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समिती त्याच वर्षी नेमली गेली. शांतारामही तिचे सभासद होते. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. चित्रपटाच्या अर्थपुरवठ्यासाठी स्वतंत्र संस्था असावी आणि शिक्षणासाठी विद्यालय असावे, या तिच्या सूचनांना पुढे १९६० मध्ये मूर्त रूप आले. शिक्षणसंस्थेसाठी जागा निवडली गेली ती प्रभातचीच. स्टुडिओ वाचला, पण चित्रपटधंद्याची वास्तू म्हणून नव्हे, तर विद्येची वास्तू म्हणून. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले. चित्रपट शिकविणे आणि चित्रपट जपणे या दोन गोष्टी पुण्याकडे राहिल्या. चित्रपट करणे मुंबईकडे गेले.

४

आता करपरताव्याच्या तत्त्वाकडे वळू. विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घ्यावे. तिकिटाच्या मूळ दराइतकाच कर आहे असे समजू. एखाद्या चित्रपटाचे करवजा उत्पन्न दहा लाख रुपये झाले, तर करही दहा लाख जमेल. चित्रगृहाचा आणि वितरकाचा वाटा वजा जाता निर्मात्याच्या हाती पाच लाख उरतील असे धरू. त्याने पुढचा चित्रपट काढला की त्याला आणखी दहा लाख मिळतील. म्हणजे निर्मात्याच्या दृष्टीने परतावा ही दुय्यम बाब नसून तीच मुख्य प्राप्ती ठरते. योजनेने निर्मात्यांना आकर्षित केले यात नवल नाही.

आता याच निर्मात्यासमोर दोन पर्याय आहेत असे समजू. पहिल्यात तो स्टुडिओत नेपथ्य उभारून दहा दिवस अधिक चित्रीकरण करतो. भाडे दिवसाला हजार रुपये. दुसऱ्यात तो कोणाच्या तरी वाड्यात, शेतात किंवा बंगल्यात काम उरकतो. पहिल्या पर्यायात खर्च दहा हजारांनी वाढतो. परताव्यात मात्र एका पैशाचीही भर पडत नाही, कारण परतावा खर्चावर नव्हे, तर तिकिटविक्रीवर अवलंबून आहे. उलट, खर्चाच्या पंचवीस टक्के रक्कम परत देणारी योजना असती, तर त्याच दहा दिवसांचे ओझे साडेसात हजारांवर आले असते. पहिल्या प्रकारच्या योजनेत स्टुडिओचा दर निर्मात्याच्या दृष्टीने होता तेवढाच राहतो. दुसऱ्या प्रकारच्या योजनेत तो प्रत्यक्षात उतरतो. हा भेद केवळ हिशेबाचा नव्हे. पैसा कोणाच्या दारापर्यंत पोहोचतो, याचा आहे. उत्पन्नावर आधारलेला परतावा यशस्वी निर्मात्याला बळ देतो. खर्चावर आधारलेला परतावा ज्या हातांनी आणि ज्या साधनांनी चित्रपट घडतो, त्यांना बळ देतो.

योजनेतील दुसरी अट, म्हणजे पुढचा चित्रपट काढण्याची, निर्मितीत सातत्य यावे या चांगल्या हेतूने घातलेली होती. तिचा लाभही झाला. एका चित्रपटावर थांबणारा निर्माता दुसऱ्याकडे वळला. परंतु येथेही 'चित्रपट' हेच एकक होते. दुसरा चित्रपट लवकर सुरू आणि लवकर पूर्ण करणे हे निर्मात्याच्या हिताचे ठरले. आणि लवकर पूर्ण होणारा चित्रपट हा सामान्यतः कमी नेपथ्याचा, कमी दिवसांचा, म्हणजेच स्टुडिओला कमी काम देणारा असतो. सुमार चित्रपटांबद्दलची तक्रार नेहमी निर्मात्याच्या अभिरुचीवर ढकलली जाते. वास्तविक घाई हा योजनेच्या रचनेतून उद्भवणारा स्वाभाविक परिणाम होता.

योजनेच्या श्रेयाचेही नेमके मूल्यमापन व्हावयास हवे. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'चे यश १९७१ चे, म्हणजे योजनेच्या आधीचे आहे. प्रेक्षक होता, कर परत मिळो वा न मिळो, तो आला होता. जब्बार पटेल यांचा 'सामना' योजनेच्याच वर्षी, १९७५ मध्ये, आला आणि 'सिंहासन' १९७९ मध्ये आला. या चित्रपटांचे सामर्थ्य बव्हंशी पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर घडलेल्या लेखक-नटांतून आलेले होते. थोडक्यात, योजनेने प्रेक्षक निर्माण केला नाही आणि प्रतिभाही निर्माण केली नाही. असलेल्या प्रेक्षकाचा पैसा तिने निर्मात्याकडे अधिक प्रमाणात वळविला. हे कार्य लहान नाही. पण ते म्हणजे धंद्याची उभारणी नव्हे.

५

सवलतीसाठी भाषा ही अट ठरल्याने आणखी एक परिणाम झाला, आणि तो भाषेच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारा आहे. 'मराठी चित्रपट' ही संज्ञा समीक्षेत सैलपणे वापरता येते. प्रशासनात तिला काटेकोर कडा लागतात. चित्रपट एक तर मराठी असतो, नाही तर नसतो. प्रभातच्या काळात एकाच नेपथ्यात दोन भाषा नांदत होत्या आणि एकीचा खर्च दुसरी उचलत होती. भाषानिहाय सवलतीत मराठी आवृत्तीला लाभ मिळतो आणि हिंदी आवृत्ती त्याबाहेर राहते. मराठी चित्रपट मराठीपुरता करणे सुरक्षित ठरते, आणि ज्या द्वैभाषिक व्यवहाराने एके काळी पुण्याचा स्टुडिओ पोसला, त्याला योजनेत प्रोत्साहन उरत नाही. भाषेला संरक्षण देताना भाषेचा बाजार मात्र आकुंचित झाला.

याच्याच जोडीला बोलींचा प्रश्न येतो. अहिराणीची नोंद जनगणनेत 'खानदेशी' या स्वतंत्र नावाखाली होते. मग संपूर्ण अहिराणी संवादांचा चित्रपट 'मराठी' म्हणावयाचा की नाही? भाषाविज्ञान या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देत नाही; बोलींच्या सीमा रेषांनी दाखविता येत नाहीत, त्या पट्ट्यांनी दाखवाव्या लागतात. करखात्याला मात्र एका शब्दातले उत्तर हवे असते. सवलत भाषेवर आधारली की भाषेची व्याख्या शासकीय होते आणि निर्माता प्रमाण भाषेच्या सुरक्षित आवारात राहणे पसंत करतो.

याउलट, सवलत स्थानावर किंवा खर्चावर आधारली असती तर पुण्याच्या आवारात तयार होणारा हिंदी चित्रपटही पुण्याच्या सुतारास आणि ध्वनिलेखकास काम देता. चित्रीकरण राज्यातच व्हावे अशी अट घातली, तरी तिने हे साधत नाही. कारण संपूर्ण राज्य हे एकच स्थान मानले की मुंबई आणि पुणे समान ठरतात, आणि समान अटींवर जेथे साधने आधीच एकवटलेली आहेत तेथेच काम जाते. समान वागणूक येथे विषमतेला पोसते.

६

या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, स्टुडिओंचा ऱ्हास तंत्रामुळे झाला, योजनेच्या दोषामुळे नव्हे. हलके कॅमेरे आले, फिल्म अधिक संवेदनक्षम झाली, प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण सोपे झाले. या आक्षेपात तथ्य आहे. वाईजवळच्या मेणवलीचा घाट 'स्वदेस' (२००४) सारख्या चित्रपटात दिसतो, तो याच बदलामुळे. परंतु त्या तंत्रबदलाच्या काळात स्टुडिओ सर्वत्र नाहीसे झाले नाहीत. काही ठिकाणी ते नव्याने उभे राहिले. तेव्हा तंत्र हे पूर्ण कारण मानता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, शासनाने साधनांकडे दुर्लक्ष केलेच नाही. १९७७ मध्ये गोरेगाव येथे चित्रनगरी निर्माण झाली; आज ती दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखली जाते. कोल्हापुरातही मोरेवाडी येथे चित्रनगरी स्थापन झाली. हे खरे, पण याच दोन उदाहरणांची तुलना मूळ मुद्दा अधिक स्पष्ट करते. गोरेगावच्या चित्रनगरीला मुंबईच्या हिंदी चित्रपटांचा आणि पुढे दूरचित्रवाणीचा अखंड ओघ लाभला. कोल्हापूरची चित्रनगरी दीर्घकाळ ओस पडली आणि अलीकडच्या काळातच तिला पुन्हा काम मिळू लागले. जागा आणि इमारती शासनाने दिल्या. काम तेथे यावे अशी करव्यवस्था मात्र दिली नाही. एका हाताने स्टुडिओ बांधावा आणि दुसऱ्या हाताने स्टुडिओ न वापरणाऱ्यालाही तितकाच परतावा द्यावा, असा हा विसंवाद होता.

७

करसवलत वास्तूशी जोडली तर वास्तू उभ्या राहतात, याचा पुरावा पुण्यातच सापडतो. मात्र तो निर्मितीच्या क्षेत्रातला नसून प्रदर्शनाच्या क्षेत्रातला आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ च्या सुमारास बहुपडदा चित्रगृहांसाठी धोरण आखले. नव्या बहुपडदा चित्रगृहास पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ आणि पुढील दोन वर्षे ते चतुर्थांशच, अशी त्याची रचना होती. येथे सवलतीचे एकक चित्रपट नव्हते, इमारत होती. परिणाम लवकर दिसला. गणेशखिंड रस्ता, बंडगार्डन रस्ता, सातारा रस्ता अशा ठिकाणी पुण्यात थोड्याच वर्षांत बहुपडदा चित्रगृहे उभी राहिली. त्याच शहरात, त्याच कराच्या सवलतीने, प्रदर्शनाची साधने वाढली आणि निर्मितीची वाढली नाहीत. फरक एवढाच की एका ठिकाणी सवलत विटांना जोडलेली होती आणि दुसऱ्या ठिकाणी तिकिटांना.

या धोरणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. नव्या वास्तूस सवलत आणि जुन्या एकपडदा चित्रगृहास पूर्ण कर, अशी ही स्पर्धा होती. शिवाय या चित्रगृहांत मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळावी म्हणून एप्रिल २०१५ मध्ये शासनाला स्वतंत्र आदेशाची भाषा वापरावी लागली. ज्या इमारतींना मराठी प्रेक्षकाच्या करातून सवलत मिळाली होती, त्यांत मराठी चित्रपटासाठी पडदा मागण्याची वेळ यावी, हे सवलतीबरोबर अटींचा नीट विचार न केल्याचे फळ होय.

८

इतरत्रचा अनुभव हेच सांगतो. ब्रिटनमध्ये १९२७ च्या कायद्याने ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक हिस्सा दाखविणे सक्तीचे केले. 'ब्रिटिश' कशाला म्हणावे याची व्याख्या करताना त्या कायद्याने भाषा विचारात घेतली नाही; ती घेऊन उपयोगही नव्हता, कारण अमेरिकन चित्रपटही इंग्रजीच. स्टुडिओतील दृश्ये साम्राज्यातील स्टुडिओत घेतलेली असावीत आणि वेतनाचा तीन चतुर्थांश भाग ब्रिटिश प्रजाजनांना मिळालेला असावा, अशा अटी त्यात होत्या. या कायद्यानेही सक्तीचा हिस्सा भरण्यापुरते काढलेले स्वस्त चित्रपट निपजले. आपल्याकडील तक्रारीशी त्याचे साम्य उघड आहे. पण त्या स्वस्त चित्रपटांनीही स्टुडिओंना आणि तंत्रज्ञांना काम दिले, कारण व्याख्येतच स्टुडिओ होता. पुढे १९५० पासून तिकिटांवरील इडी लेव्ही ब्रिटिश चित्रपटांच्या निर्मात्यांना त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटली जाऊ लागली. तत्त्वतः ती आपल्या करपरताव्याची थोरली बहीणच. तिचा फायदा घेण्यासाठी अमेरिकन कंपन्या ब्रिटनमध्ये चित्रे काढू लागल्या आणि तेथील स्टुडिओ गजबजले. लेव्ही १९८५ मध्ये रद्द झाली.

आपल्या शेजारचे उदाहरण तेलुगू चित्रपटाचे. या चित्रपटाची निर्मिती दीर्घकाळ मद्रासमध्ये होत असे. ती आपल्या राज्यात यावी म्हणून आंध्र प्रदेश शासनाने राज्यात तयार होणाऱ्या चित्रपटांना उत्तेजन दिले आणि स्टुडिओसाठी जमिनीही दिल्या. हैदराबादचा अन्नपूर्णा स्टुडिओ १९७६ मध्ये सुरू झाला. रामोजी फिल्म सिटी १९९६ मध्ये. आंध्रात भाषा तीच होती, प्रेक्षक तोच होता. बदलावयाचे होते ते स्थान. म्हणून तेथील धोरणाचा रोख स्थानावर राहिला. महाराष्ट्रात भाषा वाचवावयाची, असे मानले गेले. स्थान मुंबईच्या रूपाने हाती आहेच, असे गृहीत धरले गेले.

मात्र खर्चाशी जोडलेली सवलत म्हणजे सर्व रोगांवर औषध, असेही मानता येत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने २००८ मध्ये खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत करसवलत देऊ केली; तेथे मोठे स्टुडिओ उभे राहिले. तथापि, राज्याला त्यातून होणारा लाभ फुगवून सांगितला जातो, असा निष्कर्ष त्याच राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये काढला. मिशिगन राज्याचा अनुभव अधिक कटू आहे. तेथे २००८ मध्ये याहून उदार सवलत सुरू झाली आणि पाँटियाक येथे स्टुडिओ उभा राहिला. पुढे शासनाने हात आखडता घेतला. स्टुडिओला कर्जरोख्यांचे व्याज भागविता आले नाही आणि हमीदार असलेल्या सरकारी निवृत्तिवेतन निधीवर तो भार पडला. सवलत २०१५ मध्ये बंद झाली. सवलतीवर जगणारा स्टुडिओ सवलतीबरोबर मरतो. स्टुडिओला टिकवितो तो कामाचा ओघ. सवलत त्या ओघाला वाट करून देऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रभातच्या चरित्राचे तात्पर्यही हेच आहे.

९

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर आरंभी १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के असा दर होता. जानेवारी २०१९ पासून तो अनुक्रमे १२ आणि १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाचा दर ५ टक्क्यांवर आला. या बदलाने 'करमुक्त' या शब्दाचा जुना आधार नाहीसा झाला. चित्रपट करमुक्त करावा ही मागणी मात्र शब्दाच्या सवयीने चालूच आहे. जानेवारी २०२० मध्ये 'तान्हाजी'ला महाराष्ट्रात सवलत दिली गेली ती राज्याच्या वाट्याच्या कराची भरपाई म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा'बाबत तशीच मागणी झाली तेव्हा, करमणूक कर राज्यात २०१७ मध्येच रद्द झाला आहे, असे उत्तर मुख्यमंत्र्यांना द्यावे लागले. वस्तू गेली तरी शब्द उरतो, आणि उरलेला शब्द मागणीला चुकीच्या दाराशी नेतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

मराठी चित्रपटासाठी आता परताव्याऐवजी दर्जानिहाय अर्थसाहाय्याची पद्धत आहे. परीक्षणानंतर 'अ' दर्जाच्या चित्रपटास ४० लाख आणि 'ब' दर्जाच्या चित्रपटास ३० लाख रुपये, असे त्याचे स्वरूप गेल्या दशकात राहिले. तिकिटविक्रीऐवजी दर्जा हा निकष आला, ही सुधारणाच. परंतु चित्रपट कोठे झाला, कोणत्या साधनांनी झाला, किती तंत्रज्ञांना किती दिवस काम मिळाले, या प्रश्नांना या पद्धतीतही मध्यवर्ती स्थान नाही. दुसरीकडे, केंद्र शासनाने परदेशी चित्रपटांच्या भारतातील खर्चावर २०२२ मध्ये दिलेले प्रोत्साहन २०२३ च्या नोव्हेंबरात ४० टक्क्यांपर्यंत वाढविले. त्याची कमाल मर्यादा ३० कोटी रुपये आहे. म्हणजे खर्चावर आधारलेल्या परताव्याचे तत्त्व आपल्याकडे मान्य झालेले आहे, पण ते परक्या निर्मात्यासाठी. मराठी निर्मात्याने पुण्यात किंवा कोल्हापुरात केलेल्या खर्चाला तेच तत्त्व का लागू नसावे, याचे समर्पक कारण दाखविता येत नाही.

हे तत्त्व भारतात अगदीच नवे आहे, असेही नाही. दिवाण बहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ च्या अहवालात कच्च्या फिल्मवरील आयातकर उठविण्याची शिफारस केली होती. निर्मितीच्या खर्चाला दिलासा द्यावा, तिकिटाच्या उत्पन्नाकडे मागाहून पाहावे, ही दृष्टी त्या शिफारशीत होती. पुढील अर्धशतकात ही दृष्टी मागे पडली आणि तिकिटाची खिडकी हेच चित्रपटविषयक धोरणाचे केंद्र बनले.

या चिकित्सेतून एक कसोटी हाती लागते. चित्रपटासाठी दिलेल्या कोणत्याही करसवलतीचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारावेत. सवलतीचे एकक काय आहे : तिकीट, भाषा, वास्तू की खर्च? तिचा पैसा अखेरीस कोणाच्या हाती पोहोचतो? आणि सवलत काढून घेतल्यावर काय उरते? १९७५ च्या योजनेला हे प्रश्न विचारले असता उत्तरे अशी येतात : एकक होते मराठी चित्रपटाचे तिकीट; पैसा पोहोचला यशस्वी निर्मात्याकडे; आणि उरली ती चित्रपटांची नामावली. त्या नामावलीत अभिमानास्पद नावे आहेत, हे निःसंशय. परंतु त्या काळात पुण्यात एखादा नवा स्टुडिओ उभा राहिला असता आणि योजना संपल्यावरही चालू राहिला असता, तर त्या नामावलीचा पुढचा भाग कदाचित याच शहरात लिहिला गेला असता. प्रभातच्या आवारात आज विद्यार्थी शिकतात आणि शिक्षण पुरे होताच कामासाठी मुंबईची वाट धरतात. त्यांना पुण्यातच काम मिळावे अशी कररचना शक्य आहे की नाही, हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.